लपणातून हिवाळी चिमण्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचे घर आहे आणि मागच्या अंगणाला लागून ओकच्या झाडांची लहानशी राई आहे. हिवाळ्यात तेथे चिमण्यांसारखे पक्षी बऱ्याच संख्येने येतात. गेल्या वर्षी मी शिकारी वापरतात तसला घडीचा तंबू, ज्याला इकडे ‘ब्लाइंड’ म्हणतात, विकत घेतला आणि ५०० मिमीची लेन्स घेऊन दोन शनिवार-रविवार त्यात बसलो. पहिले दोन दिवस पक्षी फिरकलेच नाहीत. पुढे आले, पण फोटोंत तपकिरी पाचोळ्यावर तपकिरी ठिपका एवढेच दिसते, आणि बर्फ पडल्यानंतरचे सगळे फोटो करडे, काळपट आले आहेत. माझे कोठे चुकते? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपण ‘चिमण्यांसारखे’ असा शब्द योजला आहे आणि तो अचूक आहे. अमेरिकेत ज्यांना ‘स्पॅरो’ म्हणतात ते बहुतेक पक्षी आपल्या घरचिमणीचे सगेसोयरे नाहीत. त्यांचे कूळ वेगळे असून नात्याने ते आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या रानात उतरणाऱ्या भारीट पक्ष्यांना अधिक जवळचे आहेत. खरी घरचिमणी १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत माणसाने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात नेऊन सोडली आणि तेथून ती खंडभर पसरली. आपल्या अंगणात हे दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसत असतील. हा भेद येथे मुद्दाम सांगतो, कारण जुंको, पांढऱ्या गळ्याची व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो, छातीवर गडद ठिपका असलेली साँग स्पॅरो, तांबूस फॉक्स स्पॅरो हे सगळे जमिनीवर, झुडपाच्या आडोशाने चरणारे पक्षी आहेत. टांगलेल्या नळीतील दाण्यांपेक्षा खाली सांडलेले दाणे त्यांना प्रिय असतात. म्हणून आपली सगळी मांडणी जमिनीपासून सुरू झाली पाहिजे.

पहिले दोन दिवस पक्षी आले नाहीत, याचे कारण बहुधा एवढेच की तंबू त्यांच्या ओळखीचा झालेला नव्हता. आपण बसणार त्याच्या किमान आठवडाभर आधी तो जागेवर उभा करावा आणि त्याच दिवसापासून त्याच्यासमोर रोज थोडे दाणे टाकावेत. कापड सैल राहू देऊ नये. वाऱ्याने फडफडणारी एक कड पक्ष्यांना जितकी बिचकवते तितकी आत स्वस्थ बसलेली व्यक्ती बिचकवत नाही. लपण, म्हणजे असा तंबू किंवा कोणताही आडोसा, आपले शरीर झाकते त्यापेक्षा आपली हालचाल झाकते, हे ध्यानात ठेवले की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. मागची खिडकी उघडी असेल तर तिच्या उजेडावर आपली काळी आकृती हलताना बाहेरून स्पष्ट दिसते, म्हणून मागची बाजू पूर्ण बंद ठेवावी. अंगात गडद कपडे आणि हातात गडद हातमोजे असावेत. लेन्स आधीच बाहेर काढून ठेवावी आणि ती एकदम फिरवू नये. पाखरू आल्याबरोबर तिकडे झटक्याने वळवलेली लेन्स ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे.

तंबूची दिशा ठरवताना एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सूर्य पाठीशी असावा, हे सर्वांना माहीत असते. परंतु आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून २६ अंशांच्या आसपासच चढतो. दीड मीटर उंचीच्या तंबूची सावली त्या वेळी तीन मीटर लांब पडते आणि सकाळी नऊ वाजता तर ती सहा मीटरपर्यंत जाते. म्हणजे सूर्य अगदी सरळ पाठीशी ठेवला तर ज्या पाचोळ्यावर पक्षी उतरायचे आहेत तोच आपल्या तंबूच्या सावलीत बुडतो. सूर्य एका खांद्यावरून येईल एवढा तंबू तिरका करावा. सकाळी बसणार की दुपारी, हे आधी ठरवून त्या वेळी सावली कोठे पडते ते एकदा प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.

आता तपकिरीवर तपकिरी या तक्रारीकडे येतो. आपण खुर्चीवर बसून खाली पाहत फोटो काढले असावेत, असे माझे अनुमान आहे. वरून पाहिले की पक्ष्याच्या लगेच मागे जमीनच येते. पाचोळ्याचे प्रत्येक पान त्याच्याइतकेच स्पष्ट उमटते आणि पक्षी त्यात हरवतो. लेन्स जमिनीपासून वीसतीस सेंटिमीटरवर आणावी, म्हणजे ती त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येते. त्यासाठी तंबूला खालची खिडकी हवी. नसल्यास कापडाची खालची कड उचलून तेथे जाळी लावावी आणि आपण सतरंजीवर बसावे किंवा पालथे पडावे. मग पार्श्वभूमीला आठदहा मीटर दूरची झाडी येते आणि ती मऊ, एकसंध होऊन जाते. पूर्ण आकाराच्या (‘फुल-फ्रेम’) सेन्सरवर ५०० मिमीने साडेचार मीटर अंतरावरून पंधरा-सोळा सेंटिमीटरचा पक्षी फोटोची सुमारे निम्मी रुंदी व्यापतो, आणि तेवढे पुरे होते. मात्र आपली लेन्स इतक्या जवळ फोकस करते की नाही, हे घरातच तपासून घ्यावे. या अंतरावर लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३ ठेवले तर स्पष्टतेची खोली जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर मिळते. डोळा, चोच आणि खांदा तिन्ही त्यात बसवायचे असतील तर पक्षी आडवा उभा असतानाच बटण दाबावे, आणि फोकस कोणत्याही परिस्थितीत डोळ्यावर असावा.

दाणे कोठे ठेवावेत, यावर फोटोचे अर्धे यश अवलंबून असते. पांढरी मिलेट, म्हणजे आपल्या वरीच्या जातकुळीचे बारीक धान्य, या पक्ष्यांना सर्वाधिक आवडते. जोडीला काळ्या सालीचे सूर्यफूल चालते. पाव किंवा खारवलेले पदार्थ घालू नयेत. एक शेवाळलेला ओंडका आडवा टाकावा आणि दाणे त्याच्या पलीकडे व सालीच्या फटींत पेरावेत. पक्षी दाण्यांसाठी ओंडक्यावर चढतो, क्षणभर आजूबाजूला पाहतो आणि मग उतरतो. त्या क्षणभरात फोटोत दाणा दिसत नाही, फक्त पक्षी, साल आणि शेवाळ दिसते. ओंडक्यापासून दोनतीन मीटरवर वाळक्या फांद्यांचा ढीग करून ठेवावा. आपल्या भागात हिवाळ्यात कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी लहान पक्ष्यांच्या थव्यांवर नजर ठेवून असतो, आणि पळून शिरायला जागा जवळ असेल तरच ही मंडळी निवांत चरतात.

त्यांचे चरणे एकदा फोटो न काढता नुसते पाहावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे. माझे दोन हिवाळे मुलीकडे पेन्सिल्वेनियात गेले. पहिल्या सकाळी मला पक्षी दिसण्याआधी ऐकू आला होता. कोणी कोरड्या पानांत बोटे घालून भराभर चाळावे तसा आवाज येत होता. व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो दोन्ही पाय एकदम पुढे टाकते आणि लगेच मागे ओढते, पाने मागे उडतात, आणि ती उघड्या पडलेल्या मातीकडे मान वाकडी करून पाहते. दोनतीनदा असे झाले की ती मान ताठ करून थांबते. हे थांबणे अर्ध्या सेकंदाचे असते, पण ते ठरलेले असते. खरवडताना शटरचा १/१००० सेकंदसुद्धा अपुरा पडू शकतो. थांबलेली असताना १/५०० पुरतो. लय कानात बसली की बोट आपोआप योग्य वेळी दाबते.

बर्फातील काळपटपणा हा कॅमेऱ्याचा स्वभाव आहे. समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून तो प्रकाश मोजतो, म्हणून पांढरा बर्फ दिसला की प्रकाश कमी करून त्याला करडा करतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेडाचा आलेख, उजव्या टोकाला आपटत नाही ना, हे पाहावे. जुंकोच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. त्याची पाठ पाटीच्या दगडाच्या रंगाची आणि पोट पांढरे असते. पाठीचा तपशील मिळवण्याच्या नादात पोटातील पिसे पार धुऊन जातात. एक गोष्ट आग्रहाने सांगतो : आकाश ढगाळ आणि जमिनीवर ताजा बर्फ असेल त्या दिवशी दुसरी कामे बाजूला ठेवून लपणात बसावे. वरचा उजेड मऊ असतो आणि बर्फावरून परतलेला उजेड पक्ष्याच्या पोटाखाली, चोचीखाली पोहोचतो. ज्या पिसांना आपण सरसकट तपकिरी म्हणतो त्यांत बदामी, राखी, विटकरी आणि काळ्या रंगाच्या किती रेघा असतात, हे त्या उजेडात कळते.

थंडीविषयी थोडे. बॅटरी गारठ्यात लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. पायांखाली जाड पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा घालावा, कारण लपणात गारठा जमिनीतून चढतो. थर्मासमधील चहा जरूर न्यावा, परंतु तो लेन्सपासून दूर, तंबूच्या मागच्या कोपऱ्यात प्यावा. त्याची वाफ आणि आपला श्वास दोन्ही काचेवर बसतात. घरात परतताना कॅमेरा तेथेच, बाहेर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि तासदोन तास उघडू नये, म्हणजे दव पिशवीवर जमते, लेन्सच्या आत जमत नाही. आणि कंटाळून उबदार खोलीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढण्याचा मोह झाला तर तो आवरावा. खोलीतील गरम हवा खिडकीतून बाहेर वाहताना थरथरते आणि उत्तम लेन्सचाही फोटो पाण्यातून पाहिल्यासारखा येतो.

शेवटी पक्ष्यांच्या बाजूने एक मागणे आहे. इतका लहान पक्षी कडाक्याची रात्र अंगावरच्या थोड्याशा चरबीवर काढतो आणि उजाडताच ती भरून काढायला बाहेर पडतो. नेमक्या त्याच वेळी आपण अंगणातून चालत गेलो तर त्याचे चरणे मोडते. म्हणून अंधार असतानाच आत शिरावे आणि थवा आपण होऊन दूर गेला की मगच बाहेर यावे. भिजून बुरसलेले दाणे दर आठवड्याला झाडून काढावेत आणि चरण्याची जागा अधूनमधून बदलावी. एका जागी गर्दी आणि विष्ठा साचली की साल्मोनेला या जिवाणूची लागण पसरते. २०२१ मध्ये अमेरिकेत अशा लागणीने पाइन सिस्किन हे लहान पक्षी मोठ्या प्रमाणावर दगावले होते आणि लोकांना दाण्यांची भांडी काही काळ उतरवून ठेवण्यास सांगण्यात आले होते. आजारी, पिसे फुलवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर दाणे ताबडतोब बंद करावेत, मग हंगाम कितीही चांगला चालू असो.

प्रश्न : व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोच्या नराच्या डोक्यावर ठळक काळे-पांढरे पट्टे असतात आणि मादीचे पट्टे मळकट बदामी असतात, असे मी धरून चाललो आहे. मादीचे फोटो फिके येतात म्हणून मी ते काढून टाकतो. काही उपाय आहे का? (तेच वाचक)

उत्तर : पहिला उपाय म्हणजे ते फोटो काढून टाकणे थांबवावे. हा नर-मादी भेद नाही. या जातीत पांढऱ्या पट्ट्यांचे आणि बदामी पट्ट्यांचे असे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही प्रकारांत नरही असतात, माद्याही असतात. यामागे एका गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला असणे हे कारण आहे. त्याहून नवलाची गोष्ट अशी की जोडी जवळजवळ नेहमी विरुद्ध प्रकाराशी जमते. पांढऱ्या पट्ट्यांच्या पक्ष्याला जोडीदार बदामी पट्ट्यांचा लागतो. त्यामुळे दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले आहेत. आपण ज्यांना फिके म्हणून वगळलेत ते या पक्ष्याच्या कथेचे निम्मे पान आहे. बदामी प्रकारासाठी उन्हापेक्षा ढगाळ उजेड निवडावा, आणि डोळा व चोच यांच्यामधला पिवळा ठिपका फोकसमध्ये येईल असे पाहावे. तो ठिपका दोन्ही प्रकारांत असतो. दोन प्रकार एकाच ओंडक्यावर एका फोटोत मिळाले तर तो फोटो मला अवश्य पाहायचा आहे.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात आमची रब्बी ज्वारीची शेती आहे. हुरड्याच्या दिवसांत पिवळ्या चिमण्यांचे थवेच्या थवे कणसांवर उतरतात. वडील गोफण घेऊन त्यांना हाकलतात आणि मला त्यांचे फोटो हवे आहेत. तंबू विकत घेणे परवडत नाही. काय करावे? (एक विद्यार्थी वाचक)

उत्तर : हे पक्षी म्हणजे वर ज्यांचा उल्लेख केला ते भारीट होत. त्यांत काळ्या डोक्याचा भारीट बहुसंख्य असतो आणि लाल डोक्याचाही काही ठिकाणी मिसळलेला दिसतो. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोपापासून इराणपर्यंतच्या प्रदेशात वीण घालतो आणि हिवाळा काढायला पश्चिम व मध्य भारतातील ज्वारी-बाजरीच्या रानांत येतो. वडिलांचे नुकसान खरे आहे. आपल्या फोटोसाठी त्यांनी राखण सोडावी, असे मी सांगणार नाही. त्याची गरजही नाही, कारण कणसावरचा फोटो तसाही अवघड असतो. ताट वाऱ्याने हलते, पाने आडवी येतात आणि पक्षी सतत वर-खाली होतो.

थवा उठला की कोठे बसतो, ते दोन दिवस पाहून ठेवावे. तो बांधावरच्या बाभळीवर किंवा बोराटीच्या काटेरी कुंपणावर उतरतो, तेथे पिसे साफ करतो आणि गोफण थांबली की परततो. लपण त्या बाभळीपाशी करावे. चार मेढी, तुराट्या किंवा गेल्या सालचा कडबा आणि वर जुने पोते एवढे साहित्य पुरे आहे, आणि ते विकतच्या तंबूपेक्षा सरस ठरते, कारण रानातील पाखरांना कडब्याची ओळख असते. लेन्सपुरते भोक ठेवावे व बाकी सर्व बाजू दाट कराव्यात. आत शिरण्यापूर्वी काठीने कडबा आपटून घ्यावा, कारण त्यात विंचू-साप असू शकतात. थोड्या अंतरावर उथळ परातीत पाणी ठेवले तर दुपारच्या सुमारास पक्षी पाण्यालाही येतात. धान्य मात्र टाकू नये. ते रानात भरपूर आहे, आणि आपल्या दाण्यांनी ओढलेला थवा शेवटी शेजाऱ्याच्या कणसांवर बसतो.

उजेडाच्या बाबतीत आपली परिस्थिती न्यू जर्सीच्या उलट आहे. आपल्याकडे हिवाळ्यातही सकाळी नऊनंतर ऊन कडक होते, आणि काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते. लांबून काढलेला फोटो मग कितीही महाग लेन्सने काढला तरी मऊ येतो. सूर्योदयापासून पहिले दोन तास आणि सायंकाळचा शेवटचा तास एवढाच आपला वेळ आहे, असे समजावे. या पक्ष्याचे पिवळे पोट फसवे असते. उन्हात तो रंग इतका भडकतो की एकही पीस वेगळे दिसत नाही, म्हणून एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी ठेवावे. डिसेंबरमध्ये नराचे डोके मळकट दिसते, त्याने निराश होऊ नये. मार्चपर्यंत थांबावे. परतीच्या तोंडावर तेच डोके काळेभोर आणि पोट लिंबासारखे झालेले असते. तोवर ज्वारीची काढणी झालेली असल्याने वडिलांची गोफणही खुंटीला असेल.

प्रश्न : बारामतीजवळ एका पाणवठ्यावर गाडीत बसून फोटो काढताना घरचिमणीसारख्या, परंतु गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या पक्ष्यांचा थवा मिळाला. हा घरचिमणीचाच प्रकार आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही रानचिमणी, अर्थात पीतकंठी चिमणी होय. ती चिमण्यांच्याच कुळातील आहे, भारीट नव्हे. तिच्या पाठीवर घरचिमणीसारख्या रेघा नसतात, नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा असतो आणि मादीच्या गळ्यावरचा पिवळा रंग इतका पुसट असतो की पुष्कळदा दिसतच नाही. हिवाळ्यात ती कोरड्या माळरानांत व विरळ झाडीत थव्याने हिंडते. याच पक्ष्याने सालिम अलींना पक्षिशास्त्राकडे वळवले. मुंबईत लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला १९०८ मध्ये ते मामांच्या चिठ्ठीनिशी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे गेले आणि साहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली.

गाडीचे लपण करण्याची आपली पद्धत उत्तम आहे. इंजिन बंद ठेवावे, पाणवठ्यावर पोहोचण्यापूर्वीच काच खाली घ्यावी आणि लेन्सखाली तांदळाची किंवा राजम्याची पिशवी दारावर टेकवावी. गळ्याचा ठिपका फोटोत हवा असेल तर पक्षी पाणी पिऊन मान वर करतो, त्या घोटापर्यंत थांबावे. एरवी तो ठिपका चोचीच्या सावलीतच राहतो.